झाकण कोणी लावलं?

अक्का, गलबताचं झाकण रामोजीनेच लावलं, असं तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस. मी म्हणत राहिले, नाखव्याने लावलं. आपल्या दोघींमधलं सगळ्यात लांबलेलं भांडण हेच. त्यात जागा नाही, दागिने नाहीत, आईच्या साड्याही नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका गलबताच्या चार फळ्या आहेत फक्त. आता तू नाहीस, तर दोन्ही बाजूंनी मीच बोलते. शाळेतून परतताना हुणसूरच्या बसमध्ये माझे ओठ हलत असतात. परवा शेजारच्या बाईने कानडीत विचारलं, "जप करता का, मॅडम?" मी हो म्हटलं.

तुझी दीपा मागे लागली आहे. "मावशी, मला मराठी बोलायलाच कष्ट, लिहायला तर नाहीच येत. अम्माचं तूच लिही." तू कुठे जन्मलीस, लग्न कधी झालं, दुकान किती वर्षं चालवलंस, ते ज्यांना पाहिजे त्यांना माहीत आहे. मला तुझी भीती लिहायची आहे. ती तुझ्या शिलाईइतकीच तुझी होती, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

तुला बंद जागेत जीव गुदमरायचा. लिफ्टमध्ये तू कधी पाऊल ठेवलं नाहीस. दुकानाचं शटर आतून पूर्ण खाली ओढलं नाहीस. दुपारी जेवायला बसलीस तरी खालून हातभर उजेड आत येत असायचा. आई गेली तेव्हा मी लहान, रात्रीची घाबरायची. तू उघड्या दाराशी अंथरूण घालायचीस आणि म्हणायचीस, "जे काय यायचं ते आधी मला भेटेल. तू झोप." मी निर्धास्त झोपायचे. दार उघडं तुझ्यासाठी होतं, हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली. कळलं तेव्हा तू जास्तच आवडलीस.

गोष्ट अप्पांची. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात, त्यांच्या कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर आपण दोघी पडलेल्या असायचो आणि वरून कात्रीच्या आवाजाबरोबर गोष्ट खाली यायची. आपली माणसं मूळची रंगारी. कापड रंगवायचं, ठशांनी छापायचं. ते काम बसलं तेव्हा शिलाई हातात आली. तर त्या रंगाच्या दिवसांतला आपला खापरपणजोबा रामोजी. त्याचं कापड मंगळूरच्या एका व्यापाऱ्यामार्फत मस्कतला जायचं आणि दर खेपेला "भिजलं, रंग उतरला" असा निरोप यायचा. शेवटी तो चिडून म्हणाला, मी स्वतःच घेऊन जातो. बरोबर बायको निघाली, चंद्राबाई. कडेवर तान्हं पोर. भावकीने पुष्कळ सांगितलं, समुद्र ओलांडू नका, परत आलात तर पंगतीला घेणार नाही. चंद्राबाई म्हणाली, रंग माझ्या हातचा आहे, तिथे कोणी नाव ठेवलं तर उत्तर कोण देणार?

गलबत व्यापारी, शिडाचं. पोटात तांदूळ, चंदन आणि आपलं कापड. हंगाम संपत आला असताना निघालेलं, म्हणून खलाशी आधीच कुरकुरत होते. नाखवा, म्हणजे गलबताचा मुख्य, कमी बोलणारा. उतारू थोडेच. म्हैसूरला घोडे विकून घरी निघालेला एक अरब, हजला निघालेलं एक म्हातारं जोडपं, आणि ही आपली तीन माणसं. अप्पा त्या म्हातारीची नक्कल करायचे. तिला मलबारी भाषेशिवाय काही येत नव्हतं, चंद्राबाईला ती भाषा येत नव्हती, आणि तरी दोघी दिवसभर बोलायच्या. म्हातारी अडकित्त्याने सुपारी कातरून तिच्या हातावर ठेवायची, आणि पोराला मांडीवर घ्यायची.

मग किनारा दिसेनासा झाल्यावर ते वादळ.

अप्पा इथे कात्री खाली ठेवायचे, आठवतं? तू माझा हात धरायचीस. मला वाटायचं मला धीर द्यायला धरतेस.

शीड फाटलं. ते उतरवताना एक खलाशी गेला. कोणी त्याला पडताना पाहिलं नाही, तो नुसता नव्हता. तेवढ्यात तळातून ओरडा आला, पाणी. दोन फळ्यांमधला सांधा उघडला होता, तांदळाच्या पोत्यांच्या मागे. पोती भिजून फुगली होती, हलत नव्हती. पोती आणि गलबताची बाजू यांच्यात जी फट राहिली होती तिच्यात एकाही खलाशाचे खांदे शिरेनात. नाखव्याने उतारूंकडे पाहिलं. चंद्राबाई काडीसारखी होती.

तिने पोर नवऱ्याच्या हातात दिलं. कापडाचे गठ्ठे फोडले, स्वतः रंगवलेलं, स्वतः छापलेलं कापड फाडून पट्ट्या केल्या, पदर खोचला आणि खाली उतरली. दिवा नेला तो पहिल्याच हिसक्याला विझला. काळोखात, छातीभर पाण्यात, एका कुशीवर आडवी होऊन ती सांध्यात पट्ट्या कोंबत राहिली. ओलं सुती कापड फुगतं, हे तिला माहीत होतं. पाणी आत यायचं हळूहळू कमी झालं. आणि तेव्हाच एक मोठी लाट वरून आली, डेकवरून धावत तळात उतरली, आणि वरचं झाकण लागलं.

लागलं. अप्पा एवढंच म्हणायचे. लागलं.

वर म्हातारी त्या झाकणावर पालथी पडली आणि अडकित्त्याने ठोकायला लागली. टक, टक. खालून उत्तर येईपर्यंत ठोकायचं, उत्तर आलं की पुन्हा ठोकायचं. वारा पडेपर्यंत तिने हात थांबवला नाही. झाकण काढलं तेव्हा चंद्राबाई जिवंत होती. मस्कत येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्या पोराचा आपण वंश, अक्का. ते पोर म्हणजे आपला पणजोबा.

तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस. "अप्पा, झाकण लागलं म्हणजे कोणी लावलं?"

अप्पा म्हणाले, "नाखव्याने सांगितलं असेल. नाहीतर सगळे बुडाले असते."

"सांगितलं नाखव्याने. पण लावलं कोणी? जवळ कोण उभं होतं? रामोजी."

"बिडे गं," अप्पा म्हणाले, सोड ते, आणि कात्री उचलली.

तू काही सोडलं नाहीस. मी मोठी झाले, गणित शिकवायला लागले, आणि तुला हिशेब मांडून दाखवायचे. झाकण उघडं राहिलं असतं तर गलबत भरलं असतं, तीही मेली असती, पोरही. लावलं म्हणून सगळे वाचले. मग कोणी का लावेना, बरोबरच केलं. तू सुईत दोरा ओवत म्हणायचीस, "बरोबर होतं की नाही ते वरच्यांनी ठरवलं. आतल्या बाईला विचारलं का कोणी?" यावर मी आवाज चढवायचे.

मग तुझ्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं, आपल्याकडे लोक ज्याला करंट म्हणतात ते. तुला वाटलं दवाखान्यात बसवून गळ्यावर काहीतरी धरतील. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी गरम पाण्यातून एक जाळीदार प्लास्टिक काढून तुझ्या चेहऱ्यावर ओढलं. बघता बघता ते घट्ट झालं, तुझ्या कपाळाचा, नाकाचा, हनुवटीचा साचा. रोज हा साचा चेहऱ्यावर चढवून टेबलाला दोन्ही बाजूंनी अडकवायचा, म्हणजे डोकं जरासुद्धा हलणार नाही. मग सगळ्यांनी बाहेर जायचं आणि दार लावायचं. ते दार तू पाहिलंस. भिंतीएवढं जाड, आपलं आपण सरकणारं, घाई नसलेलं.

ते निम्मं सरकलं आणि तू ओरडलीस. त्या जाळीतून आलेला तो आवाज माणसाचा वाटला नाही मला. तुला सोडवलं तेव्हा तुझी बोटं माझ्या दंडात रुतली होती. खाली पायऱ्यांवर बसून तू म्हणालीस, "मी नाही येणार परत. मेले तर मेले. उघड्यावर मरेन."

"अक्का, असं कसं बोलतेस?"

"तू जा ना आत. तू झोप तिथे."

 त्या पायऱ्यांवर मला पहिल्यांदा समोर दिसलं की तू खरंच मरशील, आणि तेही हट्टाने. घरी येऊन मी भाताला पाणी घालायचं विसरले, पातेलं जळलं.

यंत्र चालवणारा महादेव, तुला आवडायचा तो, त्यानेच वाट काढली. मी त्याला कानडीत विचारलं, ती आत असताना मी बाहेरून बोलले तर तिला ऐकू येईल का? तो म्हणाला, "माईक आहे, मॅडम. पेशंटला सूचना द्यायला. गप्पा मारायला नाही." मग तुझ्याकडे बघितलं, खांदे उडवले. "चला, बोला. पण त्यांनी हात वर केला तर मी मशीन थांबवणार. हात वर म्हणजे काहीतरी बिघडलं."

तू ऐकणार नाहीस असं वाटलं होतं. तू विचारलंस, "काय बोलणार तू तिथून? पाढे?"

"गलबताची गोष्ट सांगते."

 तू म्हणालीस, "नीट सांगणार असशील तर."

दार सरकलं. मी पडद्यासमोर बसले. करड्या पडद्यावर तू एवढीशी, पांढऱ्या टेबलाला खिळलेली, छाती धाडधाड वरखाली. मी माईकचं बटण दाबलं आणि सोडलं. महादेवने मला कोपराने ढकललं. मी म्हटलं, "गलबत मंगळूरहून निघालं." तुझे पाय हलायचे थांबले. मग मी थांबले नाही. नाखवा, खलाशी, घोडेवाला अरब, म्हातारीची सुपारी. त्या दिवशी करंट पुरा झाला. तू बाहेर आलीस, चेहऱ्यावर जाळीचे चौकोन उमटलेले, आणि म्हणालीस, "अरबाच्या पायात पांढरे जोडे होते. ते विसरलीस."

रोज थोडी थोडी गोष्ट. रोज दार सरकताना तुझे डोळे जाळीमागून माझ्यावर, आणि रोज मला वाटायचं की आज तू ओरडशील. ज्या दिवशी झाकणाची जागा आली त्या दिवशी मी मुद्दाम म्हटलं, "आणि नाखव्याने झाकण लावलं."

तुझा हात वर गेला.

महादेवने क्षणात मशीन थांबवलं. लाल दिवा विझला, दार सरकायला लागलं, तो अंग तिरपं करून आत घुसला, मागे मी.  श्वास अडकला, उलटी झाली, काय झालं? त्याने साचा काढला. तू उठून बसलीस आणि माझ्याकडे बोट करून म्हणालीस, "नाखव्याने नाही! रामोजीने!"

महादेवला मराठी येत नाही. त्याने घाबरून मला विचारलं, कुठे दुखतंय म्हणतात? मी त्याला सांगितलं. तो कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "अय्यो अक्का, भांडण बाहेर करा! इथे हात वर करायचा नाही!" आणि तू हसलीस. त्या खोलीत, त्या टेबलावर बसून, गळा भाजलेला असताना, तू खुदकन हसलीस. मी मात्र बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

त्यानंतर तू फक्त अंगठा हलवायचीस. चूक सांगितली की अंगठा आडवा. मी चुका पेरायला शिकले. तू आत पडून माझ्या चुका पकडत राहायचीस, आणि करंट संपून जायचा. शेवटच्या दिवशी महादेवने मला हळूच विचारलं, त्या बाईचं पुढे काय झालं? त्याला एकेक शब्द करत बरंच समजायला लागलं होतं.

पुढचं त्याला तूच सांगितलंस, तुझ्या खरखरीत आवाजात, तुझ्या कानडीत. मस्कतला कापड विकलं गेलं. पाऊस सरला, परतायची वेळ झाली, तर चंद्राबाई गलबतावर चढेना. रामोजीने हात जोडले, नाखव्याने समजावलं. कितीतरी दिवस ती बंदरावर बसून होती, पोर मांडीवर. शेवटी ती म्हणाली, येते, पण मी जिथे बसेन तिथून मला कोणी उठवायचं नाही. कबूल म्हणाले. ती चढली, सरळ तळाच्या झाकणावर जाऊन बसली, आणि मंगळूर येईपर्यंत तिथेच बसली. तिथेच जेवली, तिथेच झोपली. खलाशांना खालून काही हवं असेल तर तिला विचारावं लागायचं. ती उठायची, झाकण काढू द्यायची, आणि ते बाहेर आले की पुन्हा बसायची.

महादेव म्हणाला, "शाभास."

वर्षभर बरं गेलं. तू पुन्हा दुकानात बसलीस. बारीक झाली होतीस, पण ब्लाऊजच्या बाह्यांवरून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायचीस, म्हणजे सगळं जागेवर होतं. मी भ्यायचं थांबवलं. तिथेच चुकलं असं नाही म्हणत. पण मी भीत होते तोवर ती गाठ दुरून जात होती असं वाटतं.

गाठ परत आली तेव्हा करंट देण्यासारखं उरलं नव्हतं. डॉक्टर तुझ्यासमोर सांगत होते आणि तू त्यांच्या शर्टाची कॉलर बघत होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "कॉलर उलटी लावली आहे कोणीतरी." मग रिक्षात, चामराज रोडच्या गर्दीत अडकलो असताना, एकदम म्हणालीस, "मी तुला सांगते मला कशावरून माहीत आहे."

"काय?"

"रामोजीचं. लाटेने झाकण लागलं असतं किंवा परक्या माणसाने लावलं असतं, तर चंद्राबाईला भीती वाटली असती. तिने परत गलबतात पाऊलच टाकलं नसतं. झाकणावर बसून आली ती रागाने आली. असला राग आपल्या माणसावरच येतो."

सिग्नल सुटला. मी म्हणणार होते, अगं, पण त्याच्या एका हातात पोर होतं. म्हणणार होते, झाकण लावल्यावर तोही त्या म्हातारीच्या शेजारी बसला असेल, खालून टकटक येते का ऐकत. तू थकून डोळे मिटले होतेस. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर तू पेज मागितलीस, आणि दोन दिवसांत तुझा श्वास अडायला लागला. गळ्याला नळी बसवली. आवाज गेला तो गेलाच. अशा माणसाशी भांडायचं नसतं, म्हणून मी भांडले नाही.

तर आता सांगते. दार सरकायचं ना अक्का, तेव्हा तुला वाटायचं की तू आत एकटी. बाहेर काय होतं ते तू विचारलं नाहीस. दार लावा असं महादेवला मी सांगायचे. तो रोज माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायचे. मान हलवली की तुझी छाती वरखाली होताना पडद्यावर दिसेपर्यंत माझा श्वास चालू व्हायचा नाही. आतली भीती मोठी, मान्य. तू आत होतीस, तुझंच खरं. पण बाहेरही एक भीती होती, आणि तिला हात वर करायची सोय नव्हती. झाकण रामोजीने लावलं असेल. कबूल करते. लावून तो कुठे गेला नाही, एवढंच तुला कबूल करायला लावायचं होतं.

शेवटचे दिवस तू घरीच होतीस, खिडकीजवळच्या पलंगावर. सुरुवातीला पाटीवर लिहायचीस: चहा, पंखा, दीपा जेवली का. मग हातात पेन्सिल टिकेना. त्या दुपारी दीपा औषधं आणायला गेली होती. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलंस आणि ओठ हलवलेस. एकच शब्द होता, छोटा. मी कान जवळ नेला. नळीतून नुसती हवा आली.

"पाणी?" तू मान हलवलीस, नाही.

"उशी वर करू?" नाही.

"दीपा? येईल आता." नाही.

तू पुन्हा ओठ हलवलेस. मला भीती वाटायला लागली, तशी त्या दारासमोरसुद्धा वाटली नव्हती. मी एकामागून एक विचारत सुटले. दुखतंय? पंखा? अप्पा? देव? तू प्रत्येकाला नाही म्हणालीस, न चिडता, मला वेळ देत. मग दमलीस. माझ्या गालावर हात ठेवावा असा उचललास, तो अर्ध्यावरून परत चादरीवर ठेवलास, आणि डोळे मिटलेस. सकाळपर्यंत तू होतीस, पण डोळे पुन्हा उघडले नाहीस.

तो शब्द मी अजून शोधते आहे. भाजी निवडताना, बसमध्ये, रांगेत. काल वर्गात भागाकार समजावत होते, आणि खडू तसाच फळ्यावर टेकलेला राहिला. मुली बघत होत्या. चष्मा, अक्का? चष्मा म्हणत होतीस का? तो उशाशीच होता गं. मी लावला असता.